झेंड्याचा खांब

कुलदीपनं चिखलातून पांढरा झेंडा उचलला, तेव्हा तांड्यातली चाळीसेक माणसं देवळासमोर जमली होती. लोखंडी खांब मुळातून उखडून आडवा पडला होता. त्याच्या टोकाला बांधलेल्या भोंग्याचे दोन तुकडे झाले होते.

"मशिदीकडूनच आलं असल कोणीतरी," कुलदीप म्हणाला. "दुसऱ्या कोणाला खुपत होता हा?"

भोंगा महिन्याभरापूर्वी बसवलेला. तोंड रस्त्यापलीकडच्या मशिदीकडं. अजान सुरू झाली की तांड्यातले तरुण तो चालू करायचे. प्रेमदास महाराजांनी तीनदा सांगून पाहिलं होतं. कोणी ऐकलं नव्हतं.

महाराज गर्दीतून पुढं आले. देवळात पूजा आणि भजन त्यांच्याकडं असायचं. सेनगावच्या ठाण्यात शांतता समितीची बैठक असली, की ते नासेरभाईंच्या पिकअपमध्ये बसून जायचे. नासेरभाई मशिदीचा कारभार पाहायचे आणि तांड्याचं सोयाबीन बाजारात पोचवायचे. वीस वर्षांत गावात एकही भांडण पेटू न देणारी माणसं म्हणून दोघांची नावं सोबतच घेतली जायची.

"रात्री पाऊस झालाय. जमीन मऊ झालीय," महाराज म्हणाले. "आधी झेंडा धुवा."

"पावसानं खांब पडतो व्हय, महाराज?"

महाराजांनी कुलदीपच्या हातातून झेंडा घेतला. तांड्याचा नाईक धर्मसिंग खांबाकडं पाहत उभा होता. "सांजपर्यंत थांबू," तो म्हणाला. "महाराज सांगतात म्हणून. सांजंला ज्यानं केलं तो समोर आला पाहिजे. न्हाई तर मग मी कोणाला अडवणार न्हाई."

घरी महाराजांच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, भाकरी वाढली. महाराजांनी एक तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"काहून जेवत न्हाई?"

"भूक न्हाई."

ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा चप्पल घातली. बाहेर कुलदीप फोनवर दुसऱ्या तांड्यांतल्या पोरांना बोलावत होता. त्याच्याजवळ जाऊन महाराज उभे राहिले. त्यानं फोन कानावरून काढून विचारलं, "काही सांगायचंय?"

"न्हाई," महाराज म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

मशिदीजवळची दुकानं बंद होती. नासेरभाईंची बायको रहिमाबी दारात बसली होती. "लेकरं शाळंत पाठवली न्हाईत आज," ती म्हणाली. "माझ्या बहिणीनं तर कपडे बांधून ठेवलेत."

नासेरभाई बाहेर आले. दोघं भिंतीच्या सावलीला उभे राहिले.

"आमच्यापैकी कोणी केलेलं न्हाई," नासेरभाई म्हणाले. "घरोघरी विचारलं मी."

"मला ठाऊक हाय."

"तुमची माणसं किती दम धरतील?"

"सांजपर्यंत."

"अजून ऐकतात न् तुमचं?"

"ऐकतात. तेवढ्यावरच थांबलेत."

नासेरभाईंनी मान हलवली. महाराज आणखी काही बोलणार होते, पण आतून कोणीतरी नासेरभाईंना हाक मारली.

दिवस कलला, तशी तांड्यात अनोळखी मोटरसायकली आल्या. कोणी काठ्या आणल्या होत्या, कोणी नुसतेच उभे होते. महाराज देवळाच्या पायरीवर बसले, उठले, परत बसले. शेवटी ते धर्मसिंगकडं वळले. "नाईक, एक सांगायचंय."

तेवढ्यात नासेरभाईंची पिकअप आली. ते एकटेच होते. उतरले आणि सरळ धर्मसिंगसमोर हात जोडून उभे राहिले.

"खांब माझ्याकडून पडला," ते म्हणाले. "पहाटं गाडी मागं घेत होतो. अंधारात दिसला न्हाई."

कुलदीप गाडीच्या मागं गेला. फाळक्याला ताजा पोचा पडला होता.

"मंग सकाळीच काहून सांगितलं न्हाई?"

"भ्यालो."

कुलदीपनं त्यांची गचांडी धरली. शर्टाची दोन बटणं तुटली. महाराज मध्ये शिरले. "आपल्या पायानं आलाय तो. हात लावू नका."

"महाराज, तुमी मध्ये पडू नका," नासेरभाई हळूच म्हणाले.

धर्मसिंगनं कुलदीपला मागं ओढलं. मग त्यानं निवाडा दिला. नासेरनं सगळ्यांसमोर आपल्या हातानं खांब उभा करायचा. वर्षभर तांड्याचा माल त्याच्या गाडीत जाणार नाही. आणि खांबावर पुन्हा भोंगा बसणार नाही, नुसता झेंडा राहील.

"भोंगा काहून न्हाई?" कुलदीपनं विचारलं.

"त्याच्यापायीच आज माणसं मेली असती. बस झालं."

नासेरभाईंनी खड्डा खणला. पासष्टीच्या माणसाला दम लागत होता. महाराजांनी दुसरी पहार उचलली, तर धर्मसिंग म्हणाला, "त्यालाच करू द्या." महाराजांनी पहार खाली ठेवली. खांब उभा राहिला, धुतलेला झेंडा वर चढला. मोटरसायकली एकेक करून निघून गेल्या.

नासेरभाईंना गाडीपर्यंत पोचवायला महाराज एकटेच गेले. आसपास कोणी नव्हतं.

"तुमी खोटं बोललात, नासेरभाई. त्या फाळक्याला पोचा कुठून आला?"

"दुपारी घराच्या भिंतीवर गाडी घातली."

"वर्षभराचं काम गेलं तुमचं. सगळ्यांनी शिव्या दिल्या. काहून केलं असं?"

नासेरभाई बाटलीतल्या पाण्यानं हात धूत होते. "माझ्यावरचा राग वर्षभरात निवल. तुमच्यावरचा भरवसा उडाला, तर इथं कोणाला कोण थांबवणार?"

"माझ्यावरचा?" महाराजांनी गाडीच्या दाराला धरलं.

नासेरभाई गाडीत बसले. "पहाटं नमाजाला येऊन राहिलो होतो, महाराज. शिडी लावून भोंगा सोडवताना खांब तुमच्याच हातून गेला, ते मी पाहिलं."