तविताच्या पायाखालचं लाकूड

पैज अशी होती: काडेपेटीशिवाय मी जाळ पेटवला, तर माझा मेव्हणा तविता बायकोचा झगा घालून अख्ख्या गावापुढे नाचणार. नाहीतर मी.

मी काय खुळा आहे? नारळाच्या सोडणात धुमसता निखारा गुंडाळून सकाळीच किनाऱ्यावर वाळूत लपवून आलो होतो.

दुपारी गाव जमलं. तविताने फाऊच्या झाडाचं वाळकं लाकूड पायांनी दाबून धरलं. मी त्यावर काठी घासायला लागलो. खर्र, खर्र.

"दाजी, धूर तुमच्या डोक्यातून निघतोय!"

"तू झग्याला इस्त्री कर आधी!"

खोकल्याचं सोंग करत मी वाळूत हात घातला. सोडण गार पडलेलं. मेलो! आता खरंच घासणं आलं. डोळे मिटून जीव काढून घासलं, आणि काय सांगू, खाचेतून धूर निघाला! भुश्शाने पेट घेतला. गाव ओरडलं. मी काठी फेकली, दोन्ही हात वर करून नाचायला लागलो.

धुराने तविताचे डोळे मिटले होते, तरी तो हसत होता. "जिंकलात, दाजी! बास की आता घासणं, माझे पाय हादरतायत!"

खर्र, खर्र.

काठी माझ्यामागे वाळूत पडली होती.