तिसरा दात

लोखंडी खुर्ची विंचवाच्या तोंडावर बसली आणि दात मॅटवर लाह्यांसारखे उडाले. घुबडाने ती पुन्हा उचलली. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या आखाड्यातले तीन हजार लोक उभे राहून आणखी मागत होते. घुबड आणि विंचू ही आखाड्यातली नावं, दोघेही मास्कवाले पैलवान. खरा चेहरा दाखवायचा नाही, कुणाचं गुपित फोडायचं नाही, ही त्यांच्या धंद्याची शपथ.

"महिन्यापूर्वी माझ्या डोळ्यात लिंबू पिळलंस," घुबड दात खात म्हणाला.

"आईशपथ नाही रे," विंचू रक्त थुंकत म्हणाला.

खुर्ची पुन्हा खाली आली. विंचवाने ती चुकवलीसुद्धा नाही. फार माजलाय, घुबडाला वाटलं.

सोमवारी घुबड डोळ्यांच्या डॉक्टर ओफेलिया सारिन्यानांपुढे बसला. बाईंच्या दारावर रविवारच्याच कुस्तीचं पोस्टर होतं. बाई विंचवाच्या पक्षातल्या. घुबडाचा उजवा डोळा महिनाभर लाल होता. उजेड सोसवेना, नजरेपुढे काळे डास उडत, समोरचा माणूस धुक्यात.

"मास्क काढा, घुबडराव."

"डोळ्याला भोक आहे. त्यातून बघा."

बाईंनी यंत्रातून बघितलं. बराच वेळ. "लिंबाने डोळा बाहेरून जळतो. तुमचा आतून सुजलाय." मग त्यांनी त्याचा हात उलटा केला. तळव्यावर तांबूस डाग होते.

"मॅटवर घासलेत."

"बूट घालून तळपायही घासता?"

त्याने बूट काढले. तिथेही तेच डाग. बाईंनी रक्त काढून घेतलं.

बुधवारी रिपोर्ट आला.

"गरमी आहे," बाई म्हणाल्या.

"एप्रिल आहे बाई. असणारच."

"सिफिलिस म्हणतेय मी. डोळ्यात शिरलाय. आजच भरती व्हायचं. चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन. वेळेत आलात, नजर बहुतेक परत येईल. घरी गेलात तर दुसरा डोळाही जाईल."

"मास्कसकट झोपलं तर चालेल?"

"शेपटीसकट झोपा. आता सांगा, वर्षभरात संबंध कुणाशी? त्यांनाही औषध लागेल."

"एकच माणूस. नाव नाही सांगणार. शपथ आहे."

"तुमची शपथ तुम्हालाच लखलाभ. त्या माणसाचीही नजर जात असेल. अंगावर काही आलं तरी दिसत नसेल."

घुबडाच्या मास्कच्या उजव्या भोकातून पाणी गळत होतं. ते आजाराचं होतं. मग डाव्याही भोकातून गळायला लागलं. तो उठला, दाराशी गेला आणि पोस्टरवरच्या विंचवावर बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा काढला. "हा? ज्याचे रविवारी तीन दात पाडलेत?"

"दोन," घुबड म्हणाला. "तिसरा आधीपासूनच हलत होता."