जादाचे दोन दिवे

"डावीकडं घ्या. आनि थोडं. आता सरळ... बास, थांबा की!"

निंगव्वाचा आवाज गाडीच्या आधी दुकानात शिरला. मागोमाग गाडी आली आणि शटरच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. सोमलिंगानं हातातली पक्कड खाली ठेवली. शुक्रवार पेठेत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकून त्याला अकरा वर्षं झाली होती, पण नवऱ्याला इतकं हाकणारी बाई काही त्यानं पाहिली नव्हती.

"स्टिअरिंग अव्वांच्या हातात दिसतंय, मामा," तो हसून म्हणाला.

"लगीन झाल्यापासनं तिच्याच हातात हाय," गाडीच्या कडेला हात टेकत गुरप्पा खाली उतरले.

गुरप्पा कुंभारी गावचे. शहरातल्या एका शिलाई कारखान्यात काम करणाऱ्या सात बायकांना ते रोज संध्याकाळी घरी सोडायचे. निंगव्वा शेजारच्या सीटवर असायचीच. बायामाणसांची गाडी, सोबतीला बाई हवी, म्हणायची. त्या गाडीवरच दोघांची चूल पेटत होती.

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला गुरप्पांच्या गाडीनं सायकलवरनं चाललेल्या गावातल्याच सिद्धरामला उडवलं. पाय मोडला, जीव तेवढा वाचला. गाडीच्या दिव्यांना उजेडच नाही, असं गुरप्पांनी सगळ्यांना सांगितलं. बायका म्हणाल्या, चांगले दिवे बसवा तरच बसतो, नाहीतर दुसरी गाडी बघतो.

"आजच पायजेत," गुरप्पा म्हणाले. "साडेसातला बाया हुब्या राहत्यात."

सोमलिंगानं जुने दिवे लावून बघितले. दुकानातल्या भिंतीवर दोन स्वच्छ गोल पडले.

"हे बरे आहेत की, मामा."

गुरप्पांनी मान बायकोकडं वळवली. निंगव्वाच पुढं झाली. "बरे असते तर सिद्धरामचा पाय मोडला असता का? तुमी बसवा नवे. वाद नको."

"जुन्याच वायरीला जोडून टाका," गुरप्पा म्हणाले. "लवकर हुईल."

सोमलिंगाचं हसू मावळलं. पाच वर्षांपूर्वी त्यानं घाईघाईत असाच एक जोड नुसती टेप गुंडाळून सोडला होता. माढ्याच्या रस्त्यावर ती गाडी पेटली. माणसं उड्या टाकून वाचली, पण मालकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. अजूनही बाजारात तो मालक समोर आला की सोमलिंग गल्ली बदलत असे.

"तसं नाही जमायचं. जुनी वायर नवा भार सोसत नाही, तापून वितळते. आत सात बायका असणार, मामा. मी बॅटरीपासून वेगळी वायर ओढणार. दीड तास लागेल."

त्यानं आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. मग नवी जाड वायर काढली. गुरप्पांनी ती हातात घेतली आणि लुगड्याचा पोत बघावा तशी बोटांनी चाचपली.

"जाड हाय. कुटली ही, लाल का?"

"लालच की, अवो," निंगव्वा म्हणाली.

सोमलिंगानं फ्यूज पुढं केला. "बॅटरीला लागून हा बसणार. आगीच्या आधी हा जळणार, म्हणून गाडी वाचणार."

गुरप्पांनी फ्यूज घेतला आणि तसाच बायकोच्या हातात दिला. तिनं तो वळवून बघितला. "निळा हाय. पंधरा लिवलंय."

"मग बराबर," गुरप्पा म्हणाले.

बायकोच्या ओंजळीनं पाणी पिणारा म्हणतात तो हाच, सोमलिंगाच्या मनात आलं. तरी त्याला म्हातारा आवडला. दिवे किती झगमगतील एवढंच बाकीची गिऱ्हाइकं विचारतात. हा वायर हातात घेऊन बघतो.

त्यानं जुन्या दिव्यांच्या खाली दोन नवे दिवे घट्ट केले, बटनावर भार येऊ नये म्हणून रिले बसवला. पत्र्याच्या भोकात रबरी बूच घातलं, त्यातून वायर आत ओढली, म्हणजे पत्र्याची कड तिला कापणार नाही. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा केला. प्रत्येक जोड ओढून बघितला, दोनदा. शेवटी स्टिअरिंगच्या बाजूला नव्या दिव्यांचं छोटं बटन बसवलं आणि बॅटरीची काळी वायर परत जोडली.

पाच वाजून गेले होते. निंगव्वा पदर सावरत उठली.

"नव्या दिव्यांना हळदकुंकू लावायचं. कोपऱ्यावरनं फुलं आनि नारळ घेऊन येते. मी आल्याबिगर लावू नका हं."

"बरं, अव्वा."

ती गेली. गुरप्पा गाडीच्या पुढच्या बाजूला बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. सोमलिंगाला चैन पडेना. काम झालं की तपासल्याशिवाय त्याला घोटभर पाणी घशाखाली जात नसे.

"मामा, एकदा बघून घेऊ या. पूजा झाल्यावर लागले नाहीत तर अव्वा मला सोडायच्या नाहीत."

गुरप्पांनी रस्त्याच्या दिशेला तोंड वळवलं. "तिला यिऊ द्या की."

"एका मिनिटाचं काम."

"बरं," ते म्हणाले. "लावा मग. मी हितनंच बघतो."

सोमलिंगानं शटर अर्धं खाली ओढलं. दुकानात अंधारून आलं. तो आत बसला, चावी फिरवली. इंजिन थरथरून सुरू झालं.

काचेपलीकडं, दोन्ही नव्या दिव्यांच्या बरोबर समोर गुरप्पा उभे होते. त्यांनी झटकन डोळ्यांवर हात धरला, मान फिरवली आणि तोंडभरून हसले.

"अरारा! लई उजेड की हो, मिस्त्री! डोळं दिपलं. आता बाया खुशाल बसू द्यात."

सोमलिंगानं नव्या दिव्यांचं बटन अजून दाबलंच नव्हतं.