दम्याची वाट पाहताना

आजही छातीत सूं-सूं नव्हती. हीरालालनं बाजेवर पडल्या पडल्या लांब श्वास घेतला. तो अडखळला नाही, सरळ आत गेला. हीरालालला घाम फुटला.

दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्यांत जन्म गेलेला हा माणूस दोन महिन्यांपासून कमरेखाली बधिर होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी पायांना टाचण्या टोचून पाहिल्या, शौच तपासलं. चिखलातून तळपायात शिरलेले बारीक जंत वर्षानुवर्षं आतड्यात गप्प होते. दम्यासाठी आणलेल्या नागपूरच्या पांढऱ्या गोळ्यांनी शरीराची राखण ढिली केली आणि जंत थेट पाठीच्या कण्यात पोचले.

"गोळ्या हळूहळू कमी करून बंद करा," डॉक्टर म्हणाले होते. "दमा परत येईल. येऊ द्या. गोळी सुटल्याशिवाय जंताचं औषध लागू पडणार नाही."

गोळ्या बंद होऊन तीन आठवडे झाले. दमा आला नाही. बधिरपणा मात्र बेंबीपर्यंत चढला.

म्हणजे गोळी अजून पोटात जात होती. धाकटा भाऊ मुन्नालाल सकाळी दूध पाजून शेतावर जायचा. बाकी दिवसभर बायकोच, तुलसा.

"पेजेत काय घालून राहिली तू?" तिनं पेजेची वाटी तोंडाशी धरली तेव्हा त्यानं विचारलं.

"मीठ. अन् काय, सोनं घालू?"

"गोळी घालून राहिली."

तिचा हात थांबला. "मी कायले घालीन?"

"माहे पाय चालत होते तवा मार खाल्ला तू. म्हणून."

वाटी खाली ठेवून तुलसानं पदर सारखा केला.

"मुन्ना!" संध्याकाळी भाऊ शेतावरून येताच हीरालाल ओरडला. "हिले बिरसीले माहेरी सोडून ये. आजपासून तूच भरव मले."

आठ दिवस मुन्नालालनं सगळं केलं. पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. हीरालाल दम्याची वाट पाहत राहिला. बधिरपणा बरगड्यांना टेकला.

नवव्या सकाळी श्वास तसाच मोकळा होता. तो भावाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"मुन्ना... तू?"

मुन्नालालनं धोतराच्या टोकानं त्याचे ओठ पुसले.

"बाबूजी धापेनं तडफडत माह्या मांडीवर गेले, भाऊ. डॉक्टर काईबी म्हणो. तुले तसं नाई मरू देणार मी."