चौसष्ट सालची गाडी

"चौसष्ट सालच्या गाडीला सीटबेल्ट? धोतरावर टाय बांधल्यासारखं दिसतंय!" जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात निंबाळकरांनी आपल्या मित्राला, टिपऱ्यांना, सगळ्यांदेखत टोमणा हाणला. एकच हशा पिकला. टिपरे कानकोंडे झाले.

पुढच्या मेळाव्याला येताना टिपऱ्यांची गाडी घाटात कठड्याला धडकली. गाडीला मार बेताचाच बसला, पण टिपरे काच फोडून बाहेर फेकले गेले आणि जागीच गेले.

तेराव्याला निंबाळकर गेले, तेव्हा गाडी अंगणातच उभी होती. सवयीने त्यांनी आत डोकावलं. सीटबेल्ट नव्हते. ते बसवायला पाडलेली भोकंसुद्धा पुट्टी भरून अशी बुजवली होती, की हात फिरवूनही कळू नये.

मागून टिपरेवहिनी म्हणाल्या, "महिनाभर खपले, भाऊजी. तुम्हालाच दाखवायला निघाले होते. आता नीट बघून सांगा, काही खोट राहिली का?"