दुसरा चहा

शोभामॅडम आज थर्मास न घेता आल्या. त्या खुर्चीत टेकायच्या आधीच हिम्मतरावांनी हे पाहिलं. म्हणजे थांबायचा विचारच नाही. सही घ्यायची आणि निघायचं.

हिम्मतरावांच्या चर्लापल्लीच्या कारखान्यात ग्राफिक्स कार्डं बनत. कंप्यूटरच्या पडद्यावर चित्रं नाचवतात ती. त्यांच्यातली चिप यायची परदेशातल्या एका बड्या कंपनीकडून. त्या कंपनीचं हैदराबादेतलं काम बघत शोभामॅडम. मूळच्या पुण्याच्या, आता नल्लकुंट्यात एकट्या राहणाऱ्या. कंपनीचा नियम कडक होता. ज्याच्याशी भागीदारी, त्याच्याकडचं काही घ्यायचं नाही. पेन नाही, पेढा नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. दुसरे लोक असले नियम चहात बुडवून खातात. शोभामॅडम मात्र बुडाशी चेमटलेला एक निळा थर्मास घेऊन यायच्या आणि आपला चहा आपणच ओतून प्यायच्या.

तरी दर भेटीला हिम्मतराव फाटकासमोरच्या इराण्याकडून दोन चहा मागवत. न जाणो! सोबत उस्मानिया बिस्किटं. बाई बिस्किट चहात किती वेळ धरतात, एवढंच त्यांना एकदा बघायचं होतं. माणूस त्यावरून कळतो, असं त्यांचं ठाम मत. विद्यानगरच्या घरात एकट्याने चहा पिताना ते समोर रिकामी खुर्ची ठेवत आणि हाच विचार करत.

पण दुसरा चहा तसाच राही. त्यावर साय धरे. खोटं वाटेल, पण एकदा त्या सायीवर माशी बसली, चालत चालत पलीकडच्या काठाला गेली आणि पाय न भिजवता उडून गेली. शेवटी तो कप शिपाई अंबाजीच्या वाट्याला यायचा. मॅडमचा चहा पिऊन पिऊन अंबाजीचं पोट एवढं सुटलं, की कारखान्याचं फाटक रुंद करावं लागलं.

भागीदारी तर केव्हाच नासली होती. नव्या चिपचा भाव काय, हे चिपवाले माल दारात आल्यावर सांगत. वर आपलीच कार्डं काढून बाजारात हिम्मतरावांपेक्षा स्वस्त विकत. पुतण्या कुलदीप कावून जायचा.

"काका, छोडो ना त्यांना! कायकू जीव अडकवून बसलात?"

"चिपमध्ये दम आहे बेटा," हिम्मतराव म्हणत. "तापते किती बघ. पंखा काढून ठेव, वर मुगाचा पेसरट्टू भाजून निघतो."

कुलदीप कपाळावर हात मारी. जीव चिपमध्ये अडकलेला नाही, हे अंबाजीलासुद्धा ठाऊक होतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर चिपवाल्यांनी मालच पाठवला नाही. कारखान्यातल्या बाया रिकाम्या टेबलांपुढे हात बांधून बसल्या. त्यांच्यातली भाग्यलक्ष्मी केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "साहेब, खरं काय ते सांगा. आम्ही घरी बसायचं का?"

हिम्मतरावांनी तिच्या खांद्यावरून त्या रिकाम्या टेबलांकडे पाहिलं. आपल्या एका कपापायी एवढ्या चुली विझवायच्या? त्याच दुपारी त्यांनी कंपनीला कळवलं, भागीदारी बंद. यापुढे इन्व्हर्टरचे बोर्ड बनवू.

आणि आज त्याच बंदच्या कागदावर सही घ्यायला शोभामॅडम आल्या होत्या. विनाथर्मास.

"इथे करा," त्या म्हणाल्या. "आणि खाली इथे."

एरवी हिम्मतरावांची सही एका फटकाऱ्यात व्हायची. आज प्रत्येक काना त्यांनी जणू अफझलगंजला वळसा घालून आणला. तरी सही संपली. नाव आणखी लांब असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

अंबाजी सवयीने दारात येऊन उभा राहिला. "साहेब, दोन सांगू?"

"नक्को रे," हिम्मतराव म्हणाले. "आज मलाही नको."

अंबाजी मान खाली घालून मागे वळला. शोभामॅडमनी शाईवर फुंकर घातली. कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली, चेन ओढली. 'तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर मी ही सही पहिल्याच वर्षी केली असती,' असं हिम्मतरावांच्या अगदी ओठावर आलं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"मौलाअलीवरून जाऊ नका. जाम असतो."

मॅडम उठल्या नाहीत.

"आता तुम्ही आमच्या कंपनीचे कुणी लागत नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"सही केली की मॅडम. आणखी काय अंगठा देऊ?"

शोभामॅडमनी पर्स मांडीवरून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि आपल्या खुर्चीत त्या नीट मागे सरून बसल्या.

"मग अंबाजीला परत का पाठवलंत? मी थर्मास मुद्दाम घरी ठेवून आलेय."