फक्त तुमच्यासाठी

गोजराबाईंनी दुर्बीण खाली घेतली, चष्मा सारखा केला आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. हेब्बाळच्या तळ्यात एका वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसला होता. तो त्यांना दिसत होता, पण मनासारखा दिसत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सुधींद्रला त्याचं कारण ठाऊक होतं. चष्मा लावून पाहिलं की या दुर्बिणीत कडेला काळं येतं. आपल्या लेखात त्याने ते लिहिलंही होतं, पण एकाच ओळीत आणि जरा मवाळ करून.

दोघं आज पहिल्यांदाच भेटत होते. बंगळूरमधल्या मराठी पक्षीप्रेमींचा फोनवर एक गट होता. त्यात सुधींद्र दुर्बिणी, तिवया, पाठीवरच्या पिशव्या असं काय काय वापरून बघायचा आणि त्यावर लिहायचा. लोक त्याच्या शब्दावर खरेदी करत. गोजराबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या खानापूरच्या. नवरा गेल्यापासून मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. गटात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. सुधींद्रचा लेख त्यांनी तीनदा वाचला होता आणि मगच दुर्बीण मागवली होती. गटातल्या सगळ्यांकडे हीच दिसली, म्हणून म्हटलं आपल्याकडेही असावी, असं त्या आल्या आल्याच म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी दुर्बीण गळ्यात सोडली.

"एक विचारू का? एवढे पैसे एकदम गेले, तेव्हा तुम्हालाही वाईट वाटलं होतं का ओ?"

सुधींद्र पाणकावळ्याकडे बघत राहिला.

"वाटलं की, अक्का. स्वल्प."

गोजराबाईंचा चेहरा निवळला. मग बरं, म्हणाल्या. मला वाटलं, मलाच हौस झेपत नाही.

सुधींद्रला ती दुर्बीण निम्म्याहून कमी किमतीत मिळाली होती. दुर्बिणीच्या कंपनीतल्या चंदन नावाच्या माणसाचा फोन आला होता. ही सवलत फक्त तुमच्यासाठी आहे सर, गटात बोलू नका, नाहीतर सगळेच मागतील, असं त्याने अदबीने सांगितलं होतं. चांगलं लिहा असं मात्र तो कधीच म्हणाला नाही. त्यामुळे सुधींद्रने मनाची समजूत घातली होती की आपण जे दिसतं तेच लिहितो, मग सांगायचं काय त्यात? 'या किमतीत याहून चांगली मिळणार नाही' असं त्याने लिहिलं, तेव्हा ती किंमत आपण मोजलेलीच नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

शिवाय चंदन वाढदिवसालाही फोन करायचा. गेल्या वर्षी त्या दिवशी दुसरा कुणाचाच फोन आला नाही. निपाणीची बहीणसुद्धा विसरली. चंदनशी तो तळ्यावरच्या पक्ष्यांबद्दल बराच वेळ बोलला होता आणि चंदनने ते ऐकून घेतलं होतं. खरं सांगायचं तर सवलतीपेक्षा सुधींद्रला त्या फोनचंच अप्रूप जास्त होतं.

गोजराबाईंना बसमध्ये बसवून तो घरी आला. आजवर तो फक्त गप्प राहिला होता. आज त्याने खोटं सांगितलं होतं, आणि समोरच्या बाईला त्या खोट्यानेच धीर आला होता. ते काही केल्या त्याला गिळवेना. चहासुद्धा न टाकता तो लिहायला बसला. सवलत मिळाली होती, ती मी लपवली. पूर्ण किमतीला मी ही दुर्बीण घेतली असती की नाही, सांगता येत नाही. चष्मा असेल तर घेऊ नका. एवढं गटात टाकून त्याने फोन उशीखाली सरकवला. आता गटातून काढतील. चंदनचा फोन तर यायचाच नाही. या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त होती, याची त्याला लाज वाटली.

दुपारी त्याने भीत भीत फोन काढला. पहिलं उत्तर बसवनगुडीच्या गुरुराजचं होतं. एकच शब्द होता, 'मलाही.' त्याखाली अहल्याचं. मग विश्वेश्वरचं. मग एकामागून एक सगळ्यांचीच. सगळ्यांना चंदनचाच फोन आला होता, सगळ्यांना तो 'फक्त तुमच्यासाठी' म्हणाला होता. वाढदिवसाचे फोनही सगळ्यांनाच. कुणी चिडलं होतं, पण बहुतेक जण आता स्वतःलाच हसत होते. एवढे दिवस छातीवर दगड होता, असं विश्वेश्वरने लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ठरलंसुद्धा, की येत्या रविवारी सगळ्यांनी तळ्यावर भेटायचं. आजवर ते एकमेकांना फोनमधल्या चित्रापुरतेच ओळखत होते. गुरुराजच्या एका कोटीवर सुधींद्र मोठ्यांदा हसला. त्या घरात त्याला आपलंच हसणं परकं वाटलं.

गोजराबाईंनी काहीच लिहिलं नव्हतं. रविवारचं सांगायला त्याने त्यांना फोन लावला. आधी सकाळच्या खोट्याबद्दल माफी मागितली. मग घाईघाईने म्हणाला, कंपनीशी भांडून तुमचेही पैसे परत मिळवून देतो. रविवारी मात्र याच, सगळे येणार आहेत.

पैशाचं जाऊ दे, असं त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"मी सगळं दोनदा वाचलं," मग त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझ्याच नजरेतून सुटलं असेल. पूर्ण किमतीला घेतलेलं आणखी कुणीच नाही का ओ?"